खिडकीची जागा

दाभोळच्या सगुणाबाई बिर्जे लेकीकडे न्यूझीलंडला निघाल्या होत्या. जावयाने हौसेने बिझनेस क्लासचं तिकीट काढलं होतं, तेही खिडकीजवळचं. सगुणाबाईंचे यजमान जन्मभर बोटीवर होते. तिकडच्या समुद्राचा निळा रंग सांगून कळत नाही, असं ते म्हणायचे. ते गेले, आणि बाईंना तो समुद्र एकदा बघायचा होता.

शेजारच्या जागेवर एका कंपनीचे मालक, सबनीस, आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "आजी, तुम्ही इकडे बसा. मला खिडकीच लागते."

"पण ही जागा माझी आहे."

"अहो, मी कितीदा गेलोय. खाली नुसतं पाणी. बघण्यासारखं काही नाही!"

हवाई सुंदरी अवघडून उभी राहिली. सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, "मग तुमच्यासारख्या मोठ्या माणसाला तिथे कशाला बसवू? ती गैरसोय मीच सोसते."

हवाई सुंदरीला हसू आवरेना. सबनीस आपल्या जागेवर बसले.

सकाळी समुद्र उजळला. सगुणाबाई डोळे पुसत बघत राहिल्या. शेजारून हळूच आवाज आला, "आजी, काय दिसतंय?"

त्या मागे सरकल्या. "या, बघा."

सबनीस वाकले, आणि नाश्ता आला तरी खिडकीपासून हलले नाहीत.