सुगरणीचा पहिला रोडगा

घरोघरी जात्यावर दळण होई, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक सुगरण होती. तिच्या पोळ्या पंचक्रोशीत नावाजलेल्या. पीठ ती आधी चाळणीनं चाळी, मग पातळ फडक्यातून गाळी. मागे उरलेला भरडा आणि कोंडा म्हशीला जाई. गावात सगळ्यात धष्टपुष्ट म्हैस तिचीच होती!

त्या गावाची एक रीत होती. नवा गहू घरात आला की शिवेवरच्या देवापुढे रोडगे करायचे. जाडसर पिठाचे मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे. पहिला रोडगा देवापुढे फोडला की मगच पंगत बसे. हा पहिला रोडगा देण्याचा मान दरवर्षी एका घराला मिळे. रोडगा कच्चा निघाला, तर त्या घराला तो मान पुन्हा मिळत नसे.

यंदा मान सुगरणीचा होता. "देवाला का जाडंभरडं वाढायचं?" म्हणत तिनं नेहमीसारखं पीठ फडक्यातून गाळलं. रोडगे कसे गुळगुळीत झाले. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

भाजून झाल्यावर तिनं एक फोडून पाहिला. वरून दगड, आत चिकट कच्चा गोळा.

शेजारीण हळूच म्हणाली, "अगं, माझ्यातला एक घे. कुणाला कळतंय?"

सुगरणीनं हात पुढे केलासुद्धा. पण दुसरीचा रोडगा आपला म्हणून देवापुढे ठेवायचा? तिला ते जमेना. ती उठून म्हाताऱ्या पुजाऱ्याकडे गेली.

"बाबा, माझे रोडगे बिघडले. पुन्हा करू द्या. गाव खोळंबेल, मला रागवा हवं तर."

"थांबेल गाव," पुजारी म्हणाला. त्यानं तिचं पीठ चिमटीत घेऊन पाहिलं. "पोरी, हे तर अर्धंच आहे. बाकीचा गहू कुठाय?"

सुगरण धावत घरी गेली. म्हशीसाठी काढलेला भरडा अजून सुपातच होता. तो तिनं पिठात परत मिसळला, तेलाचं मोहन घातलं, घट्ट मळलं. पीठ हाताला टोचत होतं आणि पाणी मागतच होतं. जरा मुरू देऊन तिनं रोडगे वळले. ओबडधोबडच झाले. निखाऱ्यात त्यांना भेगा पडल्या, तेव्हा तर तिला रडूच आलं.

पण त्या भेगांमधूनच आच आत शिरली होती.

पुजाऱ्यानं देवापुढे रोडगा नुसता दाबला, तो आपसूक फुटला. आतून वाफ उठली. नव्या गव्हाचा खमंग वास शिवारभर पसरला. आत रवा न् रवा मोकळा आणि सोनेरी होता. तूप ओतलं, ते आतल्या आत झिरपत गेलं. खोळंबून ताटं वाजवणारी पोरं ताटं घेऊन पुढे सरकली. सुगरणीच्या मनात आलं, एवढं वैभव एका दाण्यात होतं आणि आपण ते रोज सुपात काढून ठेवत होतो! तिनं आधी देवाला हात जोडले, मग परातीतल्या उरल्या पिठाला.

त्यानंतर म्हैस जरा रोडावली म्हणतात. घरातली माणसं मात्र बाळसं धरू लागली.

तात्पर्य: ओबडधोबड म्हणून आपण जे बाजूला काढतो, पुष्कळदा त्यातच खरा कस असतो, आणि चूक कबूल करणाऱ्यालाच तो परत मिसळून घेता येतो.