ओटिलीनं न उतरवलेली चादर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. जर्मन मुलखात तोफा तेव्हा नव्या होत्या, पण माणसांची भांडणं जुनीच होती. डोंगरातल्या हाझेलग्रुंड नावाच्या खेड्याला लागून एक गढी होती आणि त्या गढीत दोन सख्खे सरदार भाऊ राहत होते. थोरला योब्स्ट, धाकटा डीट्रिख. भाऊबंदकी काय असते ते तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. बाप गेला आणि वाटण्या झाल्या. खोल्या वाटल्या, घोडे वाटले, शिकारी कुत्रीही वाटली. दरवाजा मात्र एकच होता आणि अंगणातली विहीरही एकच. त्यांचे तुकडे होईनात. तेव्हा या शहाण्यांनी काय करावं? विहिरीचा दोर थोरल्यानं उचलून नेला आणि बादली धाकट्यानं. झालं! तेव्हापासून दोघांचे नोकर डोंगराखालच्या ओढ्यावरून पाणी वाहू लागले.

इतक्यावर थांबलं असतं तर आपण हसून सोडून दिलं असतं. पण त्या मुलखात सरदारांची एक रीत होती. वैर आधी दरवाज्यात उभं राहून जाहीर करायचं, मग माणूस मारला तरी तो गुन्हा नव्हे. असं जाहीर करून योब्स्टच्या माणसांनी डीट्रिखचा मुलगा मारला. पुढं डीट्रिखच्या माणसांनी योब्स्टचा मुलगा मारला. दोन्ही घरांत दुसरा मुलगा नव्हता. उरली ती योब्स्टची विधवा सून आग्नेस, आणि ती पोटुशी होती.

डीट्रिखनं शपथ घेतली, "माझ्या लेकराला ज्यांनी मारलं त्यांचं लेकरू या गढीत श्वास घेणार नाही."

त्या वर्षी पाऊस आला नाही आणि ओढा आटला. योब्स्टकडं लांबच्या नदीवरून पाण्याची पिंपं यायची. आग्नेसला कळा सुरू झाल्या त्याच सकाळी डीट्रिखनं वैर पुकारलं आणि दरवाजा अडवला. ना पाणी आत येई, ना माणूस. फक्त गावच्या सुईणीला शिपायांनी वाट दिली. तिला अडवणार कोण? तिथला प्रत्येक शिपाई तिच्याच हातावर जन्मला होता. तिचं नाव ओटिली. कमरेत वाकलेली, जिभेनं मात्र ताठ.

ओटिली आत आली आणि तिनं पिशवीतून पांढरी चादर काढली. वैराची जशी रीत होती तशी बाळंतपणाचीही होती. ज्या घरात बाळंतीण, त्या घराच्या दरवाज्यावर सुईण चादर बांधायची. चादर दिसली की तलवार म्यानात. ती उतरवायची सुईणीनंच, आणि तोवर त्या दरवाज्याआड कुणी शस्त्र उपसायचं नाही. जो उपसेल त्याला गावात कुणी पाणी विचारायचं नाही.

डीट्रिख ओरडला, "ओटिलीबाई, अर्धा दरवाजा माझा आहे! चादर त्यांच्या अर्ध्यावर बांधा."

"अर्ध्या दरवाज्यातून कधी आत आलायस का रे?" ओटिली म्हणाली आणि तिनं चादर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधली. शिपायांनी तलवारी म्यान केल्या. डीट्रिख एकटाच उपसलेली तलवार घेऊन उभा राहिला.

आत आग्नेसची अवस्था वाईट होती. बाळ आडवं आलं होतं आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता. ओटिली पुन्हा अंगणात आली. हात कोपरापर्यंत माखलेले.

"पाणी पाहिजे. आत्ता. योब्स्ट, दोर आण. डीट्रिख, बादली आण."

कुणी हलेना.

मग ती डीट्रिखसमोर गेली. "तू पायाळू होतास. तुझी आई जायची वेळ आली होती. त्या दिवशी या विहिरीतून पाणी कुणी ओढलं ठाऊक आहे? सगळे नोकर शेतावर होते. या योब्स्टनं ओढलं. एवढासा होता, हाताची सालटी निघाली तरी ओढत राहिला. मला म्हणाला, माझ्या भावाला मरू देऊ नका. नाही दिलं मी. आज मला पस्तावायला लावू नकोस."

डीट्रिखनं भावाच्या हातांकडं पाहिलं. योब्स्ट लाजल्यासारखा हात मागं लपवत होता. डीट्रिखला रडू फुटलं. तलवार तिथंच टाकून तो बादली आणायला धावला.

पण दोर! इतकी वर्षं कोनाड्यात पडून तो उंदरांनी कुरतडला होता, निम्माच उरला होता. दोघा भावांनी त्याला बादली बांधली आणि खाली सोडली. ती मध्येच लोंबकळत राहिली. असं म्हणतात, की तेव्हा विहिरीचं पाणीच वर चढून बादलीला भेटलं. कोमट होतं म्हणे, जणू कुणी तापवूनच ठेवलेलं. दोघं ओढत राहिले, ओटिली नेत राहिली आणि ऊन कलायच्या आत बाळ रडलं. मुलगी झाली होती. आग्नेस वाचली. मुलीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं ते डीट्रिखनं, आणि शपथेची आठवण त्याला कुणी करून दिली नाही.

ओटिलीनं हात धुतले, भाकरतुकडा खाल्ला आणि ती घरी निघाली.

दरवाज्यापाशी शिपायानं विचारलं, "आजी, चादर राहिली की!"

"राहू दे," ती म्हणाली. "बघू पुढं."

ते पुढं कधी आलंच नाही. महिने गेले, मुलगी चालू लागली, दोघे भाऊ एकाच काठीनं फिरण्याइतके म्हातारे झाले. ओटिली विचारणाऱ्याला म्हणायची, आज कंबर दुखतेय, उद्या काढते. आणि एके दिवशी ती चादर न काढताच देवाघरी गेली. तोवर वाऱ्यापावसात ती चादर फाटली नाही, असं म्हणतात.

आता गढी पडली आहे. दरवाजा आणि विहीर तेवढी उरली. गावात कुणाचं हाडवैर झालं तर आजही एकाच्या हाती दोर देतात, दुसऱ्याच्या हाती बादली, आणि दोघांना वर गढीच्या विहिरीवर पाठवतात. पाणी घेऊनच परत यायचं. आणि दरवर्षी त्या मुलीच्या वाढदिवसाला गावच्या बाया नवी चादर शिवून आणतात. नवी बांधून झाली की मगच जुनी सोडतात, त्यामुळं दरवाजा घटकाभरही उघडा पडत नाही. नुसती उतरवायचा अधिकार ओटिलीचा होता, आणि ती तर केव्हाच घरी गेली.