लवंगेच्या वासाचे पैसे

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला बजावलेलं आहे. ज्यांनी बजावलं त्यांचा शब्द मी मोडते आहे, पण त्यांचं नाव मात्र घेणार नाही. म्हणजे अर्धा शब्द तरी पाळल्यासारखं होईल.

तर कोण्या एका बाजारगावात एक कल्हईवाला राहत होता. त्याला एक मुलगी होती. मुलगी इतकी लाजाळू, की कुणी नाव विचारलं तर ती आधी बापाच्या पाठीमागे जायची आणि मग तिथून सांगायची. डोळे मात्र घारीचे. भांड्याला सुईच्या टोकाएवढी जागा कल्हईवाचून राहिली असली, तरी ती लांबून बोट दाखवायची.

बाप भांडी तापवायचा आणि मुलगी भाता मारायची. त्याबद्दल बाप तिला आठवड्याला एक पैसा द्यायचा. गावातल्या इतर मुली असल्या पैशाच्या रेवड्या खायच्या. ही तो जपून ठेवायची, कारण हिला एक वेगळाच नाद होता.

गावात नगरशेठची पेढी होती. दर बाजारी बाप मुलीला एक चांदीचं नाणं देऊन तिकडे पाठवायचा, आणि त्याच्या बदल्यात ती तांब्याच्या शंभर पैशांची थैली आणायची. गिऱ्हाइकांना मोड द्यायला ती लागे. परतताना मुलगी विहिरीच्या कट्ट्यावर बसायची, परकराचा घोळ पसरून त्यात थैली ओतायची आणि एकेक पैसा उलटून पालटून बघायची.

बहुतेक पैशांवर नांगराचा छाप असे. पण एखाद्यावर मागे वळून पाहणारा मोर निघे, जुन्या राजाच्या वेळचा. कधी टांकसाळीत कुणाचा हात हललेला असे, आणि एकाच पैशावर दोन नांगर उमटलेले दिसत. असा वेगळा पैसा दिसला की ती तो काढून घ्यायची आणि त्याच्या जागी आपला भात्याचा पैसा टाकायची. थैलीत शंभर आले, शंभरच पुढे गेले पाहिजेत, हा तिचा नियम.

नवल म्हणजे प्रत्येक थैलीत एक वेगळा पैसा निघायचाच. आणखी एक नवल तिच्या ध्यानात आलं होतं. त्या पैशाला लवंगेचा वास यायचा.

"बाबा," ती एकदा म्हणाली, "तांबं फार जुनं झालं ना, की त्याला लवंगेसारखा वास येतो."

"येत असेल, बाई," बाप म्हणाला. "लोणचंसुद्धा मुरलं की वेगळंच लागतं."

पेढीच्या खिडकीत पैसे मोजून द्यायला एक म्हातारा पोतदार बसे. त्याची दाढ बारा महिने दुखायची. एक गाल कायम फुगलेला, त्यामुळे शब्दही चघळलेले बाहेर पडत.

"काय घारूताई, आज कुणाचं राज्य लुटायचं?" तो विचारी. मुलगी मान खाली घालून हसे. मग तो हळूच म्हणे, "मागच्या थैलीत घावलं का काही?" ती मूठ उघडून दाखवी. "अरे वा! जन्मभर पैसे मोजून आमची बोटं झिजली, पण आम्हाला नाही बुवा कधी असला दिसला!"

कल्हईवाल्याने हे सगळं बाजारभर केलं. "थैली कुठलीही आणा, माझी पोर त्यातून मोर काढते!" बोलणं फिरत फिरत नगरशेठच्या कानावर गेलं. परगावचे शौकीन लोक असल्या एका पैशाला चांदीचं नाणं मोजत होते, हे शेठला ठाऊक होतं. त्याने निरोप धाडला, "दसऱ्याला मुलीला घेऊन या. तिला पेढीची पारखी नेमतो. वर्षाचं धान्य देईन."

बापाच्या भात्याला तीन ठिगळं होती. त्याने त्याच दिवशी नव्या भात्यासाठी कातडं बघून ठेवलं.

दसऱ्याला पेढीपुढे सगळा गाव जमला. मुलगी आपले तेवीस पैसे फडक्यात बांधून घेऊन आली होती. शेठ बोलायला उठणार, इतक्यात नवा मुनीम एक पितळी डबी हातात धरून पुढे आला.

"शेठजी, आधी हे बघा. पोतदारांच्या लवंगांची डबी. आणि त्यात काय, तर मोराचा पैसा! महिनाभर मी बघतोय. गिऱ्हाइकाकडून वेगळा पैसा आला, की हे गल्ल्यात स्वतःच्या खिशातला साधा पैसा टाकतात आणि वेगळा डबीत घालतात. गल्ला बरोबर भरतो, म्हणून कुणाला कळत नाही. बाहेर विकत असणार!"

"पोतदार, खरं आहे हे?"

"बाजूला काढतो, एवढं खरं आहे."

"मग जातात कुठे?"

पोतदाराने एकदा मुलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "ते मला सांगता यायचं नाही."

"मग उद्यापासून खिडकीत बसता यायचं नाही," शेठ म्हणाला.

लोक डबी हातोहात बघू लागले. बघता बघता ती कल्हईवाल्याच्या मुलीपाशी आली. तिने झाकण उघडलं. तोच वास.

तिचे कान एकदम तापले. तेवीस थैल्या, तेवीस पैसे, आणि प्रत्येक वेळी खिडकीतला तो प्रश्न, "घावलं का काही?"

बापालाही वास आला होता. त्याने तिचं मनगट दाबलं. "गप राहा, पोरी," तो कुजबुजला. "म्हातारा स्वतः बोलत नाही, तर तू कशाला तोंड उघडतेस? धान्य जाईल वर्षाचं!"

गप्प बसणं तर तिला जन्मापासून येत होतं. आज पहिल्यांदाच गप्प बसण्याबद्दल धान्य मिळणार होतं.

मुलीने मनगट सोडवून घेतलं आणि ती बापाच्या पाठीमागून पुढे आली. शेठच्या समोर जाऊन तिने फडकं सोडलं.

"यांचा वास घ्या," ती म्हणाली. आवाज एवढासा होता, पण सगळे गप्प असल्यामुळे मागपर्यंत गेला.

शेठने एक पैसा नाकाशी धरला. मग दुसरा. "लवंग!"

"पोतदारकाकांनी एकही विकला नाही. ते माझ्या थैलीत घालायचे. सगळे इथे आहेत, हवे तर परत घ्या. मला वाटायचं, मी शोधते. शोधत ते होते. मला नुसते सापडत होते." तिने फडकं शेठकडे सरकवलं. "मी पारखी नाही. मला वाटलं, जुन्या तांब्याला वासच तसा येतो."

मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळा गाव हसला. मुलगी लाजेने लाल झाली, पण या वेळी कुणाच्या पाठीमागे गेली नाही.

"अहो पोतदार," शेठ म्हणाला, "एवढंच होतं, तर सांगितलं का नाही?"

"सांगून हिची गंमत घालवू कशी, शेठजी? पहिल्यांदा आली तेव्हा नाणं खिडकीत ठेवून ही खांबाआड जाऊन उभी राहिली होती. मग पहिला मोर सापडला, आणि पुढच्या बाजारी ही आपणहून म्हणाली, 'काका, हे बघा.' खरं सांगतो, त्या दिवशी माझी दाढ दुखायची थांबली."

शेठने पुन्हा फडक्याकडे पाहिलं. "पैशाला पैसा दिलास, तेव्हा हे तुझे. पण पोतदार, यापुढे गल्ल्यातलं काही बाजूला काढायचं नाही. थैलीत ज्याला जे मिळेल, ते त्याचं."

पोतदाराची खिडकी राहिली. मुलीचं धान्य गेलं. बापाने भात्याला चौथं ठिगळ लावलं आणि दोन दिवस तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मार भाता." त्या आठवड्याला मात्र त्याने पैसे दोन दिले.

मुलीने नाद सोडला नाही. पण आता थैल्यांतून नांगरच निघू लागले. दिवाळी झाली, संक्रांत झाली, नांगर काही संपेनात. पूर्वी तिला वेगळा पैसा चटकन दिसायचा. आता ती कडासुद्धा बोटाने चाचपून बघू लागली, मळ बसला असेल तर अंगठ्याने पुसू लागली.

होळीच्या आधीच्या बाजारी असाच एक काळा पडलेला पैसा तिने पुसला, आणि खाली मोराचा तुरा दिसला. हा मोर मागे बघत नव्हता. चोच पुढे काढून सरळ समोर बघत होता. असा तिने कधीच पाहिला नव्हता. तिने वास घेतला. चिंचेचा आणि कुणाच्या तरी घामाचा वास आला, बस्स.

आपला पैसा थैलीत टाकून ती घरी न जाता उलट पावली पेढीवर गेली.

"काका, हात पुढे करा."

पोतदाराने पैसा डोळ्यांजवळ नेला, मग नाकाजवळ. "याला लवंगेचा वास नाही, घारूताई."

"नाही. हा माझा मला सापडला." तिने त्याची मूठ मिटवली. "तुमच्यासाठी."

"आज दाढ फारच ठणकते आहे बघ," असं म्हणून पोतदाराने डोळे पुसले, आणि तो पैसा लवंगांच्या डबीत ठेवला.

या गोष्टीचं तात्पर्य मी माझ्या वहीत असं लिहिलं आहे: काही चांगलं सापडलं, की लगेच आपल्या डोळ्यांना शाबासकी देऊ नये. ते आपल्या वाटेवर कुणी ठेवलं होतं का, तेही शोधावं, आणि तो माणूस सापडला तर त्याचं नाव चारचौघांत घ्यावं.

आता हे लिहिलं आणि मीच अडकले. मी अजून कुणाचं नाव घेतलेलं नाही. आमच्या बँकेतून मी सुट्या नाण्यांची पाकिटं आणते. गेले वर्षभर प्रत्येक पाकिटात एका तरी नाण्याला बडीशेपेचा वास येतो. तीन नंबरच्या खिडकीतल्या काकांनी मला बजावलं होतं की कुणाला सांगू नकोस, पण तात्पर्य म्हणजे तात्पर्य. तर त्यांचं नाव आहे श्री. — आले गं आई, आले, हे एवढं एक नाव लिहून