उचललं की रडतं

“ताप नाही, मग याला घरी पाठवायला हरकत काय, सर?”

ऋजुतानं विचारलं खरं. पण सुट्टीच्या कागदावर तिची सही होऊनही गेली होती. विद्यापीठात पहिली आलेली डॉक्टर. सातपुड्याच्या पायथ्याच्या या रुग्णालयात ती मुल्लासरांच्या हाताखाली नवजात बाळं तपासायला शिकत होती.

सर पाळण्यावर वाकलेले.

“रिपोर्ट स्वच्छ आहेत,” ती पुढे म्हणाली. “वॉर्डातलं सगळ्यांत शहाणं बाळ. रडतसुद्धा नाही.”

“रडतो ना,” बाळाची आई, सुमली, दबकत म्हणाली. “मी घेतला का रडतो. खाली ठेवला का गप.”

“पहिलटकरीण आहे, सर. धरता येत नाही. सकाळीच शिकवलं तिला.”

सर सुमलीकडे वळले. “घे बरं त्याला, पोरी.”

तिनं उचललं. बाळ कळवळलं. छातीशी धरलं तसं जास्तच. दुधाकडे बघेना.

“ठेव.”

गप्प.

सरांनी त्याच्या इवल्या नाकावर बोट ठेवलं. तेवढंच काळवंडलं होतं.

“जन्मला तेव्हा असं होतं?”

“नाही. काल झालं.”

“बाळंत व्हायच्या वेळी तुला ताप होता?”

“होता. सांधे धरले होते. उठवत नव्हतं.”

ऋजुताला हे ठाऊक नव्हतं. तिनं विचारलंच नव्हतं.

“चिकुनगुनिया...?” तिचा आवाज उतरला. “आईकडून? पण ताप तर...”

“एवढ्याशा जिवाला ताप येईलच असं नाही. नाक काळं पडतं, उचललं की सांधे दुखतात.”

कागद फाडला गेला. दुपारी बाळाला झटके यायला लागले. विषाणू मेंदूपर्यंत पोचला होता. त्यावर नेमकं औषध नाही. जे करता येतं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी, उन्हं कलताना, बाळ गेलं.

आधी कळलं असतं तर? कुणालाच सांगता येत नव्हतं. ऋजुता मात्र स्वतःला तेच विचारत राहिली.

नळ्या काढल्या. सुमलीनं हात पुढे केले... मागे घेतले.

“घेऊ का?”

“हळू,” ऋजुताच्या तोंडून निघून गेलं, “दुखेल त्या...”

ती भिंतीकडे वळली. खांदे हलत होते.

सुमलीनं बाळ छातीशी घेतलं.

सर ऋजुताजवळ आले.

“त्याचं दुखणं संपलं,” ते म्हणाले. “तुझं जपून ठेव.”