तांबटाचा फौजदार

फार पूर्वीची म्हणावी इतकी काही ही गोष्ट जुनी नाही. घराला कुलूप लावणाऱ्याकडेच लोक संशयानं बघत, त्या काळातली आहे. एका गावात एक तांबट राहत होता. हंडे, कळशा, घंगाळी घडवायची आणि आठवड्याच्या बाजारी नेऊन विकायची, हा त्याचा धंदा. दिवसभर त्याच्या ओसरीवर ठकठक चालायची. ती थांबली की गाव समजायचं, तांबट जेवायला बसला.

पण त्याच्या घराचं नाव भांड्यांसाठी नव्हतं, दह्यासाठी होतं. त्याची बायको सगुणा लग्न होऊन आली, तेव्हा माहेरून एका लहानशा सुगडात विरजण घेऊन आली होती. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातलं उद्याच्या दुधात, असं करत तिनं ते तीस वर्षं चालवलं. दही असं लागायचं की गाडगं पालथं धरलं तरी थेंब पडू नये. गावात कुणाचं विरजण नासलं, कुणाकडे पाहुण्यांनी दह्याचा फडशा पाडला, की पोर वाटी घेऊन तांबटाच्या दारात हजर. दिवे लागायच्या आत यायचं, एवढा एकच नियम. तिन्हीसांजेनंतर दही घराबाहेर देत नसत.

सगुणा वाटीत विरजण घालायची आणि म्हणायची, "वाटी नाही आणलीस तरी चालेल गं, तू मात्र येत जा."

काय दिवस होते ते! संध्याकाळी त्या ओसरीवर बसायला जागा मिळत नसे. कुणी विरजणाला आलेलं, कुणी विरजणाचं निमित्त करून गप्पांना आलेलं.

मग एका उन्हाळ्यात सगुणा तापानं गेली. घरात तांबट उरला आणि ते विरजण उरलं. तो आता स्वतःच दूध तापवी, कोमट झालं का ते बोट बुडवून बघी, चमचाभर दही घालून गाडगं फळीवर ठेवी. सकाळी झाकण काढलं की घट्ट पांढरं दही. रोज तेवढा एक क्षण त्याला वाटे, ती अजून घरातच आहे, मागच्या अंगणात काहीतरी करते आहे. या एका गाडग्यावर त्या माणसाचा जीव टांगलेला होता.

लोक पूर्वीसारखे येतच होते. पण माणसाचं एक मोठं काहीतरी गेलं, की त्याला बारीकसारीक जाण्याचीही धास्ती बसते. एके दिवशी ओसरीवरचं एक फुलपात्र सापडेना. तांबटानं घर पालथं घातलं. मग कधी नव्हे तो त्याच्या मनात विचार आला, रोज इतकी माणसं येतात, कोण काय उचलतं आपल्याला काय ठाऊक? (ते फुलपात्र कुठं गेलं हे आजतागायत कळलेलं नाही. कुणी घेतलं असेल असं मला तरी वाटत नाही.)

दुसऱ्याच दिवशी तो धनगरवाड्यावर गेला आणि दोन हंडे देऊन एक एडका घेऊन आला. शिंगं दोन वेटोळ्यांची, मान खांबाएवढी, डोळ्यांत भाव असा की जणू सगळ्या जगानंच त्याचा काहीतरी गुन्हा केला आहे. तांबटानं त्याला दोन गोष्टी शिकवल्या. फाटकातून जो आत येईल त्याला धडक द्यायची, आणि कुणी खायला दिलं तर ढुंकून बघायचं नाही. एडक्याचं डोकं काही मोठं नव्हतं, पण त्यात गेलेली गोष्ट बाहेर येत नसे. फक्त लाल पागोटं बांधलेला माणूस आपला, बाकी सगळे चोर, हे त्यानं पक्कं धरलं. गावानं त्याचं नाव ठेवलं फौजदार.

फौजदारानं पहिल्याच आठवड्यात गाव सरळ केलं. शिंपी कुडत्याचं माप घ्यायला आला आणि ओढ्यापर्यंत माप देत पळाला. गुरवीण वाटी घेऊन आली, तिची वाटी अंगणात आणि ती कुंपणापलीकडे. वाऱ्यानं केळीचं पान हाललं, तर फौजदारानं केळही आडवी केली.

"दादा, त्याला बांधून तरी ठेवा हो," गुरवीण रस्त्यावरूनच ओरडली.

"बांधला तर राखण काय करणार?" तांबट म्हणाला. "हाक मारत जा. मी येईन की बाहेर."

गुरविणीनं दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा ठकठकीत त्याला ऐकू गेली नाही. तिसऱ्यांदा तिनं गवळ्याकडून विरजण आणलं. हळूहळू सगळ्यांनीच ती वाट सोडली. ओसरी रिकामी राहू लागली, दही उरू लागलं. उरलेलं तांबट फौजदारापुढे ठेवी आणि त्याच्या मानेवर हात फिरवत म्हणे, "दोन वर्षांत एक चमचा हाललेला नाही, बघ." खरं होतं ते. चमचा हालला नव्हता, आणि कुणी "काय दादा, जेवलात का?" असंही विचारलं नव्हतं. संध्याकाळी त्याला चुकल्यासारखं व्हायचं. पण काय चुकलं, ते त्याच्या ध्यानात येत नव्हतं.

एकदा बाजारातून परतताना ऊन मी म्हणत होतं. तांबटानं गुळाची ढेप विकत घेतली होती. पिशवी फाटली, म्हणून त्यानं पागोटं सोडलं आणि त्यात ढेप बांधून बोडक्यानं घरी आला. फाटक उघडलं. फौजदारानं वर बघितलं. डोक्यावर पागोटं नाही. म्हणजे चोर.

"अरे, मी आहे!" तांबट ओरडला.

चोर असं म्हणणारच. फौजदार दहा पावलं मागे सरला, मान खाली घातली आणि निघाला. तांबट साठीचा होता, पण कुंपणाच्या भिंतीवर असा चढला की पंचविशीतल्या गड्यानं तोंडात बोट घालावं. वरून त्यानं पागोट्याच्या फटीतून गुळाचा खडा मोडून टाकला. फौजदार बघेना. त्यानं घाईनं पागोट्याची गाठ सोडायला घेतली, तर ढेप निसटून अंगणात पडली आणि पागोटं पलीकडे काट्यात. फौजदारानं अख्ख्या ढेपेकडेसुद्धा ढुंकून पाहिलं नाही. शिकवणच तशी होती ना!

रस्त्यावर माणसं जमली. "दादा, राखण मात्र चोख आहे हं!" गुरवीण म्हणाली. सगळे हसले, पण आत यायला कुणी धजेना. शिंप्यानं तर आधीच झाड गाठलं होतं.

चोर भिंतीवरून उतरत नाही असं पाहून फौजदार दाराकडे वळला. फौजदार घेतल्यापासून तांबट कडी घालत नसे, त्यामुळे दार नुसतं लोटलेलं होतं. ते शिंगानं ढकलून तो आत गेला. आत सकाळीच चिंच लावून घासलेलं घंगाळ होतं, आरशासारखं. फौजदारानं त्यात पाहिलं, तर काय? घरात दुसरा एडका!

भिंतीवरून तांबटाला उघड्या दारातून सगळं दिसत होतं. फौजदार एक पाऊल मागे सरला, तर तोही सरला. फौजदारानं मान तिरकी केली, तर त्यानंही केली. इतका उर्मट चोर फौजदारानं जन्मात पाहिला नव्हता.

"फौजदार, नको! अरे, वर गाडगं आहे!" तांबट जीव तोडून ओरडला.

त्यानं भिंतीवरून उडी टाकली, पडला, उठला, लंगडत धावला. तोवर धडाम्! घंगाळ उडालं ते फळीच्या टेकूवर आदळलं. फळी एका बाजूनं सुटली. गाडगं घरंगळत कडेला आलं, क्षणभर थांबलं आणि खाली पडलं.

तांबट दारात पोचला तेव्हा फौजदार चेपलेल्या घंगाळावर पाय देऊन उभा होता आणि मोठ्या अभिमानानं खापरं चाटत होता. एकाही खापरावर त्यानं दह्याचा थेंब ठेवला नव्हता, आणि त्या नादात बोडक्या चोराकडेही त्याचं लक्ष नव्हतं. तांबट खापरांशेजारीच बसला. बायको गेली त्या दिवशी तो रडला नव्हता. आज मात्र रडला.

थोड्या वेळानं त्यानं डोळे पुसले, पागोटं शोधून बांधलं, वाटी घेतली आणि बाहेर पडला. गावभर सगुणेचंच विरजण होतं. कुणाकडेही मिळेल.

गुरवीण दारातच होती. वाटी पाहून तिचं हसू मावळलं. "नाही हो दादा. आमचं पावसाळ्यात नासलं. तुमच्याकडे यायचं, तर फौजदार. मग गवळ्याकडचं चालू केलं."

शिंपी म्हणाला, "आमच्याकडे थोरलीच्या लग्नात सगळं संपलं. मी दोनदा आलो होतो दादा. दोन्ही वेळा ओढ्यापर्यंत पोचवलं तुमच्या फौजदारानं."

घर झालं, दुसरं झालं, सगळी आळी झाली. कुणी टोचून बोललं नाही. उलट प्रत्येकजण त्याला बसा म्हणाला, पाणी घ्या म्हणाला, आणि सगुणेच्या दह्याची आठवण काढली. तेच त्याला जास्त लागलं. दोन वर्षं ही सगळी दारं उघडीच होती, फक्त त्याचं तेवढं बंद होतं.

शेवटचं घर कुंभारणीचं. तिनं त्याच्या हातातली वाटी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "माझ्याकडं नाही, पण माझ्या धाकटीला विचारा की. सासरी जाताना सगुणावहिनींनी तिच्या ओटीत नारळ घातला आणि हातात विरजण दिलं होतं. फौजदार यायच्या आधीची गोष्ट. आता ठेवलंय का नाही, देव जाणे."

धाकटीचं सासर दोन कोसांवर. तांबट दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच निघाला. दुखऱ्या पायानं, वाटेत कुठं न थांबता. घर सापडलं, पण फाटकाशी त्याची पावलं थांबली. परक्याच्या अंगणात पाय टाकायची त्याची सवयच गेली होती. आत काय उभं असेल, कोण जाणे.

आतून कुंभारणीच्या लेकीनं पाहिलं आणि ती पिठाच्या हातांनीच धावत आली. "अगंबाई, तांबटकाका! बाहेर का उभे? या की आत!"

तो पडवीत टेकला. वाटी मात्र उपरण्याखालीच धरून ठेवली. मागायचं कुठल्या तोंडानं? तेवढ्यात सात-आठ वर्षांची एक मुलगी धावत फाटकातून आत आली. ना हाक, ना विचारणं. तिच्या हातातही वाटी होती.

"काकू, आईनं सगुणाबाईचं दही मागितलंय, चमचाभर."

तांबट पुढे वाकला. मग त्यानं हळूच विचारलं, "कोण गं बाळ, ही सगुणाबाई?"

"ठाऊक नाही," मुलगी म्हणाली. "पण दही छान लावते."

कुंभारणीच्या लेकीनं डोळ्यांना पदर लावला. "सगळ्या गावात हेच चालतं काका. नाव मी सांगितलं होतं, ते तसंच राहिलं."

तांबटानं उपरण्याखालची वाटी काढून पुढे धरली. "मलाही दे गं चमचाभर," तो म्हणाला. "आमच्याकडचं संपलं."

वाटी दोन्ही हातांत धरून तो दोन कोस चालत घरी आला. वाटेत तो हसत होता आणि त्याचे डोळेही वाहत होते. लोकांना वाटलं, म्हातारा उन्हानं भ्रमला.

फौजदार परत धनगरवाड्यावर गेला. तिथं मेंढ्यांमागे लांडगे येत असत, आणि त्याची शिंगं तिथं सार्थकी लागली. राखणीत त्याची काही चूक नव्हती, तो सांगितलं तेच करत होता. आणि तांबटानं फाटकच काढून टाकलं. पहिलं दही लागलं त्या संध्याकाळी त्यानं कुणी येण्याची वाट पाहिली नाही. दिवे लागायच्या आत तो स्वतः गाडगं घेऊन घरोघर गेला आणि प्रत्येक दारात म्हणाला, "सगुणाबाईचं दही आणलंय. वाटी आणा."

तात्पर्य काय, तर घरात कोंडून राखलेलं एका धडकेत जातं. दुसऱ्याच्या हाती दिलेलं कुणाच्या ना कुणाच्या घरी शिल्लक राहतं.