लुटुपुटूचा राजा

दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये शर्वाणी आणि तिची पस्तिशीतली मित्रमंडळी वीस बाजूंचा फासा टाकून लुटुपुटूच्या लढाया लढत. कोणी चेटकीण व्हायचं, कोणी राजा. एकदा ऐन लढाईत अध्यक्ष घैसास कुलूप घेऊन दारात उभे ठाकले.

"नोकरदार माणसं तुम्ही, आणि खोटेखोटे राजे होता? लाजा वाटत नाहीत? आजपासून हॉल बंद!"

राजा झालेला वसंता घाबरून उठायला लागला. शर्वाणीने त्याला दटावून खाली बसवलं.

"काका, आमचा राजा खोटाच. पण खेळ संपला की आपणहून खुर्ची सोडतो. तुमची मुदत तर गेल्या दिवाळीतच संपली. मग आत्ता हुकूम सोडताय, ते कोण म्हणून?"

घैसासांनी कुलूप पाठीमागे लपवलं, पण दारातून हलले नाहीत.

"चला महाराज," शर्वाणी वसंताला म्हणाली, "टाका फासा. दारात राक्षस उभा आहे."