उंबराखाली बसणारी हरिणी

फार मागं, जनावरं आपसात बोलायची तेव्हाची गोष्ट. एका रानात पाणवठा एकच होता. त्याचा कारभार कुणी बघायचा, यावरून वानरांचं आणि हरणांचं बिनसलं. संध्याकाळी वानरांची सभा उंबरावर भरायची, हरणांची माळावर. दुसऱ्याचं कुणी ऐकून घेत नसे.

ठिपकी हरिणी तेवढी पाडसाला घेऊन रोज उंबराखाली बसायची.

"काय गं, शेपूट लांब व्हायला लागलं का तुझं?" बाकीच्या हसायच्या.

"कारभार आपल्याकडंच हवा, बायांनो," ठिपकी म्हणायची. "पण त्यांचं म्हणणं काय, ते तरी कळू दे."

एकदा वरून म्हातारं वानर म्हणालं, "कसला कारभार करणार ही हरणं! त्यांच्या रोजच्या उताराच्या लव्हाळ्यात वाघीण येऊन बसलीय, त्याचा पत्ता नाही."

ठिपकीनं कळपाला सांगितलं. कळपाचा नाईक फुरफुरला, "थापा! आपल्याला भिववायला बोलतात."

"असेल थाप. पण झाडावरून लांबचं दिसतं, हेही खरंच की. मी आपली पाडसाला घेऊन पलीकडून उतरते."

ती निघाली. कुरकुरत का होईना, कळपही मागं गेला. पाण्याला तोंड लावतात तोच समोरच्या लव्हाळ्यातून वाघीण उठली. मधे सगळं पाणी होतं. हरणं उधळली, पण माळावर पोचली ती सगळीच्या सगळी.

दुसऱ्या दिवशी नाईक स्वतः उंबराखाली आला.

"काय नाईक, पटलं का आमचं?" वरून वानरानं विचारलं.

"छे, कारभाराचं एक अक्षर पटलं नाही," नाईक ऐसपैस बसत म्हणाला. "हं, बोला पुढं."